काळोखातली लढाई

प्रश्न : 'गेम ऑफ थ्रोन्स' मी प्रथमच पाहत आहे. आठव्या पर्वाच्या तिसऱ्या भागातील लढाईत कोण कोणाला मारते आहे हेच कळेना. पडद्यावर आमच्याच दिवाणखान्यातील ट्यूबलाइट दिसत राहिली. फार हिरमोड झाला. दोष टीव्हीचा की मालिकेचा?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आपला हिरमोड रास्त आहे. २०१९ साली हा भाग प्रथम दाखवला गेला तेव्हाही असंख्य प्रेक्षकांनी हीच तक्रार केली होती. ५५ रात्री चित्रीकरण करून उभी केलेली ही लढाई मुद्दामच काळोखी ठेवली होती; परंतु इंटरनेटवरून येणाऱ्या चित्रातील माहिती दाबून कमी केलेली असल्याने काळ्या रंगाच्या बारीक छटा पुसल्या जातात आणि उरतात ते करडे डाग. ट्यूबलाइट बंद करून, टीव्हीतील 'सिनेमा' हा पर्याय निवडून तो भाग पुन्हा पाहावा.

मला स्वतःला तो काळोख आवश्यक वाटतो. डोथ्राकी या लढवय्या टोळीतील घोडेस्वारांच्या पेटत्या तलवारी दूर अंधारात शिरतात आणि एकेक करून विझतात, तेव्हा किल्ल्याच्या तटाजवळ उभ्या असलेल्या सैन्याला जेवढे दिसते तेवढेच आपल्यालाही दिसते. रामकुंडावर सोडलेले द्रोणातील दिवे प्रवाहात दूर जाऊन दिसेनासे होताना आपण पाहिले असतीलच. इथे मात्र प्रत्येक विझणारी ज्योत म्हणजे एक माणूस आहे. पुढच्या धुमश्चक्रीत मात्र ओळखीचे चेहरेही हरवतात, आणि तिथे आपली तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे.