गुलाबी खोका आणि कोगनोळीचा नाका

प्रश्न : 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल' हा चित्रपट लोकांना एवढा का आवडतो? मला तर नुसती रंगीत चित्रांची वही चाळल्यासारखं वाटलं.

अर्ध्या तासात मलाही तसंच वाटलं होतं. गुलाबी इमारत, जांभळे कोट, प्रत्येक माणूस बरोब्बर मधोमध उभा. बाबा मागून येऊन म्हणाले, "काय बघालास रे, केकचं दुकान?"

पण केकनंच मला धरून ठेवलं. तुरुंगाच्या दारात शिपाई कैद्यांसाठी आलेलं खाणं तपासतो. पाव कापतो, सॉसेजचे तुकडे करतो. मग मेंडल्स बेकरीचा गुलाबी खोका येतो आणि त्याचा हात थांबतो. इतकं देखणं मोडायचं कसं? जातो खोका तसाच आत. पळून जायची हत्यारं नेमकी त्यातच! सुटीत मी बेळगावच्या शहापुरात मामाच्या दुकानात कुंद्याचे, म्हणजे आमच्याकडच्या खव्याच्या मिठाईचे, खोके बांधायचो. दोरा आडवा-उभा, वर पळगाठ. गाठ वाकडी झाली की मामा सोडायला लावायचा, म्हणायचा, "गाठ बघूनच गिऱ्हाईक कुंदा शिळा म्हणतंय." त्यामुळे हा विनोद मला जरा जास्तच कळला.

रॅल्फ फाइन्सचा गुस्ताव्ह, म्हणजे हॉटेलातल्या पाहुण्यांची सरबराई बघणारा मुख्य माणूस, असाच गाठ सरळ बांधणारा. तुरुंगातून बाहेर पडल्यावर त्याला पहिली काळजी अत्तराची. त्याच्या हाताखालचा हरकाम्या पोरगा, लॉबी बॉय झीरो, ते विसरलाय म्हणून तो भडकतो, कुठून कुठून येता तुम्ही लोक, आपला देश सोडून इथे कशाला आलात, असं नको ते बोलून जातो. झीरो शांतपणे सांगतो, युद्धामुळे. घरचे मारले गेले. गुस्ताव्ह वरमतो आणि माफी मागतो, तीही हॉटेलच्या वतीनं! हसू येतं आणि घशात अडकतं. तिथे मी चित्रपटाला शरण गेलो.

हे सगळं घडतं 1932 मध्ये, झुब्रोव्का नावाच्या काल्पनिक देशात. तो भाग जवळजवळ चौकोनी चौकटीत आहे, त्यामुळे फोनवर बघू नका. बाहेरून दिसणारं हॉटेल ही छोटी प्रतिकृती. आतला दिवाणखाना मात्र जर्मनीतल्या गॉर्लिट्झच्या एका जुन्या रिकाम्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये उभा केला. 1945 नंतर या गावाचा नदीपलीकडचा भाग पोलंडमध्ये गेला. आमच्या भागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आमचा जिल्हा 1956 साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. हा चित्रपट आला 2014 मध्ये, आणि त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला बेळगावचं बेळगावी झालं. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यांची तेवढी चंगळ.

चार ऑस्कर मिळाली, त्यांत वेशभूषा आणि कलादिग्दर्शनाचंही होतं. ते ठीकच. मला मात्र आठवतात त्या दोन रेल्वेगाड्या. दोन्ही वेळा सैनिक डब्यात शिरून कागद मागतात. पहिल्या वेळी गुस्ताव्हची जुनी ओळख कामाला येते. दुसऱ्या वेळी पडदा कृष्णधवल झालेला असतो. पुढचं सांगत नाही.

एकदा सीमाप्रश्न तापला आणि एसटी बंद पडल्या, तेव्हा बाबा राज्यांच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यापर्यंत एका गाडीनं गेले आणि पलीकडे चालत जाऊन दुसरी गाडी धरली. कोल्हापूरच्या आत्याकडे निघाले होते. तूप सांडू नये म्हणून कुंद्याचा खोका दोन्ही हातांवर आडवा. परवा त्यांना चित्रपट पुन्हा लावून दिला, या वेळी बसून पूर्ण पाहिला. रंगांबद्दल चकार शब्द नाही. संपल्यावर एवढंच विचारलं, "त्या पोराजवळ कागद नव्हते काय रे?"