बोन्साय: तुमचे प्रश्न

प्रश्न: माझ्या जुनिपरवर एक जिन (साल काढून ठेवलेली वठलेली फांदी) आणि खोडावर शारीची (साल सोलून उघडं ठेवलेलं वठलेलं लाकूड) लांब पट्टी आहे. बोगनवेलीच्या खोडालाही ढोली आहे. उन्हाळ्यात दोन्हींना लाइम सल्फर (चुना आणि गंधकाचं द्रावण) लावलं होतं. पावसाळ्यानंतर जुनिपरवर हिरवट थर आलाय आणि बोगनवेलीचं लाकूड बोटाने दाबलं तरी भुसभुशीत लागतं. पुन्हा लावू का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: जुनिपरला लावा, बोगनवेलीला लगेच नको. आधी दोन्ही लाकडं दाभणाने टोचून पाहा. टोक अडलं तर लाकूड शाबूत आहे. सहज आत गेलं तर तेवढा भाग कुजलाय आणि लाइम सल्फरने तो पुन्हा घट्ट होत नाही. ते बुरशी रोखतं, पण मऊ झालेल्या लाकडात जीव आणत नाही.

जुनिपरचं लाकूड राळेचं, टिकाऊ. हिरवा थर म्हणजे नुसतं शेवाळ. नायलॉनच्या जुन्या टूथब्रशने पाणी लावून घासा आणि दोन-तीन दिवस कडक वाळू द्या. ऑक्टोबरचं ऊन या कामाला उत्तम. लावण्याआधी कुंडीतली माती प्लास्टिकने झाका, कारण द्रावण अल्कधर्मी असतं आणि मुळांना भाजतं. मग लाकडावर फवाऱ्याने हलकं पाणी मारा. ओलसर लाकूड द्रावण आत ओढून घेतं, कोरड्यावर ते वरच सुकतं. लाइम सल्फर आणि पाणी समप्रमाणात घेऊन बारीक नायलॉन ब्रशने लावा. केसांचा ब्रश वापरू नका, हे द्रावण केस विरघळवतं. जिवंत सालीच्या कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत थांबा. हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा हवीच. सडक्या अंड्यांचा वास येईल, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा! सुरुवातीला पिवळं दिसतं, उन्हात पांढरं होतं. दुसरा पातळ हात मे अखेरीस, पावसाआधी.

बोगनवेलीचं लाकूड मुळातच मऊ आणि पाणी धरणारं. कुजका भाग छिन्नीने खरवडून घट्ट लाकडापर्यंत जा. ढोलीत पाणी साचत असेल तर बाहेर जायला उतार किंवा भोक करा. खरं दुखणं तिथेच असतं. पूर्ण वाळल्यावर लाइम सल्फर लावा आणि तेही वाळल्यावर पातळ सुपरग्लू किंवा वूड हार्डनर मुरवा. क्रम उलटा केलात तर लाकूड बंद होतं आणि लाइम सल्फर आत शिरत नाही. वठलेलं लाकूड मातीला टेकत असेल तर तिथली माती बाजूला सारा, कूज बहुधा तिथूनच चढते.

प्रश्न: लाइम सल्फर लावल्यावर लाकडाचा रंग फारच पांढरा, चुना फासल्यासारखा दिसतो. काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: पुढच्या वेळी द्रावणात काळ्या पोस्टर कलरचे एक-दोन थेंब टाका, राखाडी छटा येते. भेगांत थोडं गडद राहिलं की लाकूड खरंच रापलेलं वाटतं.

प्रश्न: लाइम सल्फरऐवजी घरातलं कपड्यांचं ब्लीच चालेल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही. रंग उडतो, संरक्षण मिळत नाही, शिवाय त्यातलं सोडियम मुळांना जाचतं. आणि ते लाइम सल्फरमध्ये कधीही मिसळू नका. ॲसिडही नको, त्यातून विषारी वायू निघतो.