व्हॅन आली, निरोप आलाच नाही

प्रश्न : वारज्यात आमच्या सात स्कूल व्हॅन आहेत. गाडी स्टॉपजवळ आली की पालकांच्या मोबाइलवर ‘पाच मिनिटांत पोहोचतोय’ असं नोटिफिकेशन जातं. गेल्या सोमवारपासून आयफोनवाल्या पालकांना काहीच जात नाही, अँड्रॉइडवाल्यांना मात्र व्यवस्थित जातं. पावसात मुलं गेटपाशी ताटकळतात आणि बोलणी मला खावी लागतात. ॲप करून देणारा मुलगा आता बंगळुरूला असतो. तो म्हणतो, “सर्टिफिकेट संपलं असेल, रिन्यू करा.” म्हणजे नेमकं काय करायचं? सगळ्या पालकांना ॲप पुन्हा टाकायला सांगावं लागेल का?
– एक वाचक, वारजे

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही, पालकांना काहीही करावं लागणार नाही. ॲपची नवी आवृत्तीही काढायला नको. दुखणं तुमच्या सर्व्हरवर आहे.

अँड्रॉइडचे निरोप गूगलच्या वाटेने जातात, आयफोनचे ॲपलच्या. ॲपलच्या दारात तुमचा सर्व्हर ओळखपत्र दाखवतो, ते म्हणजे हे सर्टिफिकेट. त्याची मुदत साधारण वर्षभराची असते. ती संपली की दारातूनच परत पाठवणी होते. त्यामुळे एक बाजू चालू आणि दुसरी ठप्प दिसली की त्या मुलाला सुचलं तेच मलाही आधी सुचतं. मुदत संपायच्या आधी ॲपलकडून मेल येतो, पण तो डेव्हलपर अकाउंटवाल्याच्या पत्त्यावर. तुमच्याकडे तो आला नाही, याचा अर्थ अकाउंट बहुधा अजून त्या मुलाच्याच नावावर आहे. त्याला आज फोन करा आणि हे विचारून घ्या. माझ्या मते खरं काम हेच आहे.

आता रिन्यू करण्याबद्दल. ‘रिन्यू’ म्हणतात खरं, पण जुन्या सर्टिफिकेटची तारीख पुढे सरकत नाही, नवंच काढावं लागतं. मॅकवर कीचेन ॲक्सेस या ॲपमधून विनंतीची फाइल, म्हणजे सीएसआर, तयार करायची. ती ॲपलच्या डेव्हलपर साइटवर चढवायची, तिथून मिळालेलं सर्टिफिकेट त्याच मॅकवर उघडायचं, मग पी१२ फाइल (सर्टिफिकेट आणि त्याची किल्ली एकत्र) काढून सर्व्हरवर ठेवायची आणि सेवा पुन्हा सुरू करायची.

‘त्याच मॅकवर’ हे शब्द मी मुद्दाम लिहिलेत. सिंहगड रोडवरच्या एका क्लासचं ॲप मी सांभाळायचो. नवं सर्टिफिकेट वेळेत काढलं, सर्व्हरवर ठेवलं, तरी जोडणी होईना. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये दोन तास गेले. दोष भलतीकडेच होता. सीएसआर एका लॅपटॉपवर केला होता आणि सर्टिफिकेट दुसऱ्यावर उघडलं होतं. सीएसआर करताना एक ‘प्रायव्हेट की’, म्हणजे गुप्त किल्ली, तयार होते, ती त्याच मशीनवर राहते आणि ती नसेल तर सर्टिफिकेट म्हणजे नुसता कागद. कीचेनमध्ये सर्टिफिकेटच्या डावीकडे बारीकसा त्रिकोण दिसतो. तो दाबल्यावर खाली किल्लीचं चित्र आलं, तर की तिथेच आहे. त्रिकोणच नसेल तर पुढे जाऊ नका, त्या मशीनवर नव्याने सीएसआर करा. ही पाच सेकंदांची तपासणी मी तेव्हापासून कधी सोडलेली नाही.

सेवा सुरू करण्याआधी आणखी एक गोष्ट बघा. सोमवारपासून न गेलेले निरोप सर्व्हरवर रांगेत साठलेले असू शकतात. ती रांग आधी रिकामी करून घ्या. नाहीतर मंगळवार सकाळचं ‘पाच मिनिटांत पोहोचतोय’ आज दुपारी चारला जाईल आणि एखादी आजी नातवासाठी उगाच भिजत गेटपर्यंत येईल. प्रत्येक निरोपाला मुदत घालायचीही सोय असते. व्हॅनच्या निरोपाला दहा मिनिटं पुष्कळ झाली. हे त्या मुलाकडून नक्की करून घ्या.

एवढं हातात घेतलंच आहे, तर दरवर्षीची ही कटकट कायमची मिटवा. सर्टिफिकेटऐवजी ॲपल पी८ नावाची की देतं. तिला मुदत नसते, आपण रद्द करेपर्यंत ती चालते. सर्व्हर तिच्या आधारे छोटं टोकन, म्हणजे तात्पुरतं ओळखपत्र, बनवतो. ते वीस मिनिटांच्या आत पुन्हा बनवायचं नाही आणि तासाभरापेक्षा जुनं वापरायचं नाही, त्यासाठी सर्व्हरचं घड्याळ बरोबर हवं. ही फाइल एकदाच डाउनलोड करता येते. हरवली तर नवी की काढावी लागते, म्हणून तिची एक प्रत तुमच्याकडेही असू द्या. आणि ज्याच्या हातात ती पडेल त्याला तुमच्या नावाने पालकांना निरोप पाठवता येतील, तेव्हा ती व्हॉट्सॲपवर कुणालाही पाठवू नका, अगदी त्या मुलालाही नाही.

प्रश्न : आमच्या संस्थेत चाळीस आयपॅड एमडीएमवर, म्हणजे सगळे एका जागेवरून सांभाळायच्या व्यवस्थेवर, आहेत. एमडीएमला आयपॅडपर्यंत आदेश पोहोचवायला लागणारं ॲपलचं पुश सर्टिफिकेट बारा दिवसांनी संपतंय. ते काढणाऱ्या मॅडम नोकरी सोडून गेल्या. माझ्या ॲपल आयडीवरून नवं काढलं तर चालेल का?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : कृपा करून तसं करू नका. वरच्या ताईंना नवं सर्टिफिकेट चालतं, तुम्हाला चालणार नाही. आयपॅड एमडीएमला जोडताना त्या सर्टिफिकेटची ओळख आयपॅडमध्ये नोंदली जाते. वेगळ्या आयडीवरून काढलेल्या सर्टिफिकेटची ओळख वेगळी, म्हणजे चाळीसही आयपॅड हातात घेऊन पुन्हा नोंदवायला लागतील.

मॅडमना फोन करा. त्यांनी वापरलेला आयडी संस्थेच्या मेलवरचा असेल तर तो मेल तुमच्याकडे वळवून पासवर्ड बदलता येईल. स्वतःचा असेल तर त्यांना अर्ध्या तासासाठी बोलवा आणि ॲपलच्या पुश सर्टिफिकेट पोर्टलवर जुन्या नोंदीसमोरचं ‘रिन्यू’ त्यांच्या हातून दाबून घ्या. ‘क्रिएट’ला हात लावायचा नाही. मॅडम सापडल्याच नाहीत तर ॲपलच्या मदत विभागाशी आजच बोला, अकराव्या दिवशी नको. नवं सर्टिफिकेट एमडीएममध्ये चढवलं की एका आयपॅडला स्क्रीन लॉकचा आदेश पाठवून बघा. लॉक झाला तर बाकीचे एकोणचाळीसही ऐकतील.