पंचम गोड, मग समांतर पंचम वर्ज्य का?

प्रश्न : मी अनेक वर्षे हार्मोनियम वाजवतो आणि आता पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षेसाठी चार आवाजांची हार्मनी लिहायला शिकत आहे. सा-ग-प या कॉर्डनंतर (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटानंतर) चारही आवाज एकेक स्वर वर नेऊन मी रे-म-ध लिहिले, तेव्हा ‘समांतर पंचम’ असा शेरा देऊन गुण कापण्यात आले. तानपुऱ्यातला सा-प संवाद आपण इतका गोड मानतो, तो येथे दोष कसा ठरतो?

उत्तर : पंचम लिहिण्याला कोणाचीच हरकत नाही, हरकत आहे ती दोन आवाजांनी तेच अंतर राखून बरोबरीने सरकण्याला. तानपुऱ्याचा सा-प जागचा हलत नाही, म्हणून तो दाखला येथे लागू पडत नाही. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बेस या (वरून खाली) चार आवाजांपैकी प्रत्येकाची चाल वेगळी ऐकू यावी, हा या लेखनाचा मूळ हेतू आहे. षड्ज आणि पंचम यांच्या कंपनांचे प्रमाण २:३ इतके साधे असते, शिवाय षड्जाच्या स्वयंभू स्वरांत (मूळ स्वराबरोबर आपोआप उमटणाऱ्या सूक्ष्म स्वरांत) पंचम मुळातच दडलेला असतो. त्यामुळे असे दोन आवाज जोडीने निघाले की ते एकमेकांत विरघळतात आणि चारांचे तीनच उरल्यासारखे वाटते. समांतर सप्तकांत, म्हणजे दोन आवाज सा ते तार सा इतके अंतर राखून सरकताना, तर हे अधिकच होते, आणि वरच्या आवाजाला षड्जच दिला असेल, तर बेसबरोबर तीही चूक आपल्या उत्तरात झाली असणार. (युरोपातील चर्चमध्ये नवव्या शतकात समांतर पंचम मुद्दाम गात असत, म्हणजे हा नियम एका शैलीचा आहे, निसर्गाचा नव्हे.)

उपाय सोपा आहे. बेस सा वरून रे वर चढत असताना उरलेले तिघे खाली आणावेत : टेनर प वरून म वर, आल्टो ग वरून रे वर आणि सोप्रानो तार सा वरून ध वर. वरच्या तीन आवाजांत शेजाऱ्या-शेजाऱ्यांमध्ये सप्तकाहून अधिक अंतर नसावे; टेनर आणि बेस यांच्यात मात्र ते चालते.

प-नी-रे या कॉर्डमधला नी दोन आवाजांना देऊ नये, कारण त्याची ओढ सा कडे असते आणि दोघेही तिकडे गेले की पुन्हा समांतर सप्तके होतात. जर्मन संगीतकार बाखच्या कोरालांत (चर्चमधल्या स्तोत्रांच्या चार आवाजी रचनांत) मधल्या आवाजातला नी पुष्कळदा खाली प वर उतरतो. परीक्षेत मात्र तेवढे धाडस न केलेले बरे.