रटगर्स की जॉन्स हॉपकिन्स?

अमेरिकेत डॉक्टर होण्याआधी चार वर्षांची पदवी घ्यावी लागते; ती रटगर्स या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठातून घ्यावी की जॉन्स हॉपकिन्स या खासगी विद्यापीठातून, हा प्रश्न आहे. तुम्ही न्यू जर्सीचे रहिवासी असाल, तर नावलौकिकावर भुलून जॉन्स हॉपकिन्स निवडण्यापूर्वी चार वर्षांच्या खर्चाचा हिशेब मांडावा, कारण कर्जाचा खरा डोंगर पुढे वैद्यकीय महाविद्यालयात उभा राहतो आणि रटगर्समध्ये राज्यातील विद्यार्थ्यांना शुल्कात मोठी सवलत असते. हॉपकिन्सने घसघशीत आर्थिक मदत देऊ केली, तर मात्र गणित उलटते. त्याहून नाजूक बाब श्रेणींची. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत पडलेली ‘सी’ श्रेणी तो विषय पुन्हा घेतल्याने पुसली जात नाही. एमडी (अमेरिकेतील डॉक्टरकीची मूळ पदवी) देणाऱ्या बहुतेक महाविद्यालयांच्या सामाईक अर्जात दोन्ही श्रेणी धरल्या जातात. अनुभव घेण्यासाठी रुग्णालये दोन्हीकडे हाताशी आहेत, त्यावर काथ्याकूट नको. वैद्यकीय प्रवेशासाठी विद्यापीठाच्या समितीचे शिफारसपत्र मिळते का आणि कोणत्या अटींवर, हे तिथल्या प्री-हेल्थ सल्लागारांना (वैद्यकीय प्रवेशाचे मार्गदर्शन करणाऱ्यांना) आताच विचारून घ्यावे.