ब्राझिलियन जिउ-जित्सूमध्ये तीन वर्षांनंतरही मी व्हाइट बेल्टच आहे. हे सामान्य आहे का, आणि मी अकॅडमी बदलावी का?

तुम्ही लिहिले आहे की, तीन वर्षे आठवड्यातून तीन दिवस सराव करूनही तुमच्या व्हाइट बेल्टवर तीनच पट्ट्या (त्याच बेल्टवरील प्रगतीच्या खुणा) आहेत आणि तुमच्यानंतर आलेल्या एकाला मात्र दीड वर्षात ब्लू बेल्ट मिळाला. मी स्वतः ब्राउन बेल्ट आहे, तिथवर पोहोचायला मला नऊ वर्षे लागली, आणि तुमच्या जागी मीही होतो. म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बेल्टचा क्रम व्हाइट, ब्लू, पर्पल, ब्राउन आणि शेवटी ब्लॅक असा असतो.

आंतरराष्ट्रीय महासंघाचे, म्हणजे आयबीजेजेएफचे, नियम पाहिले तर ब्लू बेल्टवर किमान दोन वर्षे, पर्पलवर दीड वर्ष आणि ब्राउनवर एक वर्ष राहावे लागते. ब्लू बेल्टसाठी वयाची अट १६ वर्षे आहे, ब्लॅक बेल्टसाठी १९. परंतु व्हाइट बेल्टवर किती काळ राहावे याबद्दल त्या नियमांत किमान मुदतच नाही, आणि कमाल मुदत तर कोणत्याच बेल्टला नाही. त्यामुळे तुमच्या प्रश्नाला नियमपुस्तकात उत्तर सापडणार नाही. तो निर्णय सर्वस्वी तुमच्या प्रशिक्षकांचा आहे. वरच्या मुदतींची बेरीज साडेचार वर्षे होते, तरी बहुतेकांना ब्लॅक बेल्टपर्यंत पोहोचायला दहा वर्षांच्या आसपास लागतात, कारण त्या मुदती 'याआधी देऊ नये' असे सांगतात, 'यानंतर द्यावाच' असे नाही. बी. जे. पेन या अमेरिकी खेळाडूला जेमतेम तीन-साडेतीन वर्षांत ब्लॅक बेल्ट मिळाला आणि २००० साली तो ब्लॅक बेल्ट गटात जागतिक विजेताही ठरला, हे खरे आहे. पण ते उदाहरण आजही सांगितले जाते ते त्याच्या दुर्मीळपणामुळेच.

आता तुमच्या सहकाऱ्याविषयी. तो आठवड्यातून किती दिवस येतो हे तुम्ही लिहिलेले नाही. तीन दिवसांच्या हिशेबाने तुमचे तीन वर्षांत सुमारे ४६८ वर्ग झाले असतील, तेही एकही न चुकवता. आठवड्यातून सहा दिवस येणाऱ्याचे तेवढेच वर्ग दीड वर्षात होतात. त्याने आधी ज्युदो किंवा कुस्ती केलेली असेल, तर पकडीची आणि तोल सांभाळण्याची सवय त्याला पहिल्या दिवसापासूनच असणार. वर्षे मोजण्याऐवजी वर्ग मोजले तर पुष्कळदा तक्रारीचे कारणच उरत नाही. तरीही, मधे मोठा खंड नसेल तर तीन वर्षे हा काळ सर्वसाधारण अनुभवापेक्षा थोडा लांबच आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे.

प्रशिक्षक नेमके काय पाहतात? अनेक अकॅडमींत स्वतंत्र परीक्षा नसते. रोज रोलिंग (सरावाच्या लढती) करताना तुम्ही कसे वागता हेच पाहिले जाते. मी दीड वर्षाचा व्हाइट बेल्ट असताना माझ्या सरांना धीर करून विचारले होते. त्यांनी उत्तर दिले नाही. पुढचे तीन आठवडे प्रत्येक फेरी साइड कंट्रोलमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्धी बाजूने छातीवर दाबून असताना, खाली पडलेल्या अवस्थेतून सुरू करायला सांगितली, आणि वर एक ब्लू बेल्ट बसवला. पहिल्या आठवड्यात मी केवळ ताकदीने त्याला ढकलत होतो आणि दोन मिनिटांत दमून टॅप करत (थाप मारून हार मानत) होतो. मग हळूहळू लक्षात आले की आधी हाताची फ्रेम (टेकू) त्याच्या गळ्याशी आणि कमरेशी लावायची, कंबर सरकवून जागा करायची, त्या जागेत गुडघा आत आणायचा आणि पुन्हा गार्डमध्ये, म्हणजे खालून पायांनी प्रतिस्पर्ध्याला अडवण्याच्या स्थितीत, यायचे. यांतला क्रम चुकला की ताकद वाया जाते. माझ्या मते व्हाइट आणि ब्लू यांतला फरक हाच आहे. ब्लू बेल्टला सबमिशन (हार मानायला लावणाऱ्या पकडी) किती येतात यापेक्षा वाईट स्थितीत अडकल्यावर तो न घाबरता, दम राखून बाहेर येतो की नाही, हे महत्त्वाचे ठरते. मला पुढे आठ महिन्यांनी बेल्ट मिळाला, तेव्हा तो का मिळाला हे मला कुणी समजावून सांगावे लागले नाही.

प्रशिक्षक हात आखडता घेतात त्याला आणखी एक कारण असते. बेल्टबरोबर स्पर्धेतला गटही बदलतो. प्रौढांच्या लढती व्हाइटला ५ मिनिटांच्या, ब्लूला ६, पर्पलला ७, ब्राउनला ८ आणि ब्लॅकला १० मिनिटांच्या असतात. मनगटाचे लॉक (सांधा मुडपणारी पकड) ब्लूपासून, तर नीबार (गुडघ्यावरची पकड) आणि टो होल्ड (पाऊल पिळणारी पकड) ब्राउनपासूनच चालतात. तयारी नसताना बढती दिली तर दुखापतीचा धोका विद्यार्थ्याला पत्करावा लागतो. याच्या उलट, पदके मिळत राहावीत म्हणून तयार विद्यार्थ्याला मुद्दाम खालच्या बेल्टवर अडवून ठेवणारेही असतात, आणि तो उघड अन्याय आहे. तुम्ही स्पर्धेत उतरत नसाल तर ही शंका बाजूला ठेवायला हरकत नाही.

अकॅडमी बदलण्याची घाई मात्र करू नका. नव्या प्रशिक्षकांना तुमचा खेळ ओळखायलाच काही महिने लागतील आणि बेल्ट आणखी लांबेल. त्याआधी सरांना वर्गानंतर एकांतात भेटा. 'मला ब्लू बेल्ट कधी मिळेल?' असे न विचारता 'माझ्या खेळात आज सर्वांत कच्ची बाजू कोणती, आणि पुढचे दोन महिने मी कशावर काम करू?' असे विचारा. चांगला प्रशिक्षक लगेच एखादी ठरावीक गोष्ट सांगेल. माउंटखालून (प्रतिस्पर्धी छातीवर बसलेला असताना) सुटका, गार्ड पास होऊ न देणे म्हणजे त्याला आपले पाय ओलांडू न देणे, असे काहीतरी. दोन महिने तेवढेच करून पुन्हा त्यांच्याकडे जा. दोन्ही वेळा उत्तर नुसते 'येत राहा' असेच मिळाले, किंवा बेल्टच्या बदल्यात वेगळ्या शुल्काची गोष्ट निघाली, तर मात्र दुसऱ्या अकॅडमीत काही वर्ग करून पाहायला अजिबात संकोच करू नका.