किल्लेदार, हवालदार आणि कॉन्स्टेबल

एक ताई मध्ययुगीन इंग्लंडवरच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद करत आहेत. त्यांनी विचारलं आहे: 'कॅसलचा जो लॉर्ड असतो, त्याला किल्लेदार म्हटलं तर चालेल का? आणि त्याच्या हाताखालच्या माणसांना शिबंदी म्हणू की सरदार?'

नाही चालणार, ताई. किल्लेदार तर मुळीच नाही. हा घोळ मी इतक्या ठिकाणी ऐकतो की आता ऐकवत नाही. गडावर माहिती सांगणारे हौशी मार्गदर्शक 'किल्लेदार म्हणजे त्या किल्ल्याचा राजाच' असं छातीठोक सांगतात. मुलं ते वहीत उतरवून घेतात, आणि पुढे तीच मुलं मोठी होऊन मालिकांचे संवाद लिहितात. मग पडद्यावर एखादा किल्लेदार 'हा माझा किल्ला आहे' म्हणून गरजतो. शिवाजी महाराजांच्या एखाद्या अंमलदाराच्या तोंडून हे वाक्य निघालं असतं, तर दुसऱ्या दिवशी तो त्या जागेवर दिसला नसता.

'किल्ला' अरबीतून आला हे सर्वांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. गडबड होते ती 'दार'पाशी. फारसी 'दाश्तन' म्हणजे धरणे, बाळगणे, राखणे. त्याचं अंग 'दार'. आपल्या 'धृ' धातूचा हा सख्खा इराणी भाऊ आहे, म्हणजे आपला 'धर' तोच तिकडे 'दार'. चोपदार हातात चोप धरतो, पण तो चोप दरबाराचा असतो. निशाणदार निशाण धरतो, भालदार भाला धरतो, ठाणेदार ठाणं राखतो. यातला कुणी त्या वस्तूचा मालक नाही. 'मग जमीनदार, दुकानदार?' असं लगेच कुणीतरी विचारतं. दुकानदार दुकान चालवतो, ते भाड्याचं असलं तरी तो दुकानदारच राहतो. आणि जमीनदार मुघल कागदांत सारा गोळा करण्याचा हक्क धरणारा होता. जमिनीचा थेट मालक हा अर्थ त्याला इंग्रजी अमलात घट्ट चिकटला. 'दार' मालकीबद्दल काहीच सांगत नाही. कोणाच्या हातात आहे, एवढंच सांगतो.

पण खरी गंमत पुढे आहे. शिवकाळात गडाच्या मुख्य अंमलदाराचं नाव किल्लेदार असं क्वचितच येतं. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांची बखर लिहिली, तिच्यात गडावर येतो तो हवालदार. त्याच्या जोडीला सरनोबत आणि सबनीस, शिवाय कोठाराचा हिशेब बघायला कारखानीस. मोठ्या गडाचा तट लांबलचक असला तर त्यावर तटसरनोबत नेमलेले. दरवाजाच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरीची वही सबनिसाकडे, पहाऱ्याची माणसं सरनोबताकडे. एकटा कुणी फितूर झाला तरी गड हातचा जाऊ नये, म्हणून अधिकार असा वाटलेला.

आता 'हवालदार' हा शब्द पाहा. 'माझ्या हवाली केलं' हे आपण रोज म्हणतो. ज्याच्या हवाली केलं, तो हवालदार. गड त्याचा नाही, त्याच्याकडे सोपवलेला आहे, आणि ज्याने सोपवला तो परत मागणार आहे. एवढ्या पाच अक्षरांत किती स्पष्ट करार आहे हा!

'हवाला' ज्या अरबी धातूतून येतो, त्याचा मूळ अर्थ वळणे, पालटणे, एका ठिकाणाहून दुसरीकडे जाणे. त्या घराण्याचा गोतावळा मराठीत केवढा आहे बघा. 'हाल' म्हणजे मुळात स्थिती, क्षणोक्षणी पालटते ती. आपण फक्त वाईट स्थितीसाठी तो शब्द ठेवला. 'हाल'चं अरबी अनेकवचन 'अहवाल', म्हणजे परिस्थितीची हकीकत; तो आज सरकारी समित्या सादर करतात. 'हल्ली' म्हणजे चालू स्थितीत. 'बहाल' म्हणजे पूर्वस्थितीवर आणलेलं; काढून घेतलेलं पद परत मिळालं की ते 'बहाल' होतं. यात कुणी 'हवालदिल' आणून घुसवू नये, मी दहादा सांगून झालं आहे. तो 'हौल' म्हणजे धसका आणि 'दिल' म्हणजे काळीज यांचा जोड आहे, आणि अरबीत त्याचा 'ह'सुद्धा वेगळा. हवालदाराचा आणि हवालदिलाचा काडीचाही संबंध नाही.

माझं मत असं, आणि ते मी बरीच वर्षं मांडत आलो आहे, की 'हवालदार'मधला हा पालटण्याचा अर्थ कधी मेलाच नाही. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र, म्हणजे राज्यकारभार कसा करावा हे सांगणारा ग्रंथ, १७१५-१६च्या सुमाराचं. त्यात गडावरचे अंमलदार ठरावीक मुदतीने बदलायला सांगितले आहेत: हवालदार तीन वर्षांनी, सरनोबत चार वर्षांनी, सबनीस-कारखानीस पाच वर्षांनी. सर्वांत लवकर बदलायचा तो हवालदार! आणि 'सरनोबत' शब्द बघा. 'नौबत' म्हणजे मुळात पाळी. पाळीपाळीने पहारा बदलायचा, तो बदलताना वाजायचा नगारा, म्हणून नगाऱ्यालाही नौबत हेच नाव. 'उपाशी राहायची नौबत आली' म्हणतो तेव्हा तोच पाळीचा अर्थ आपल्या तोंडी असतो. सरनोबत म्हणजे पाळीचा म्होरक्या. म्हणजे गडावरच्या दोन मोठ्या हुद्द्यांपैकी एकाच्या नावात सोपवणं आणि पालटणं, दुसऱ्याच्या नावात पाळी. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

यावर एका विद्वान गृहस्थांनी मला सुनावलं होतं, की शब्द आदिलशाहीकडून जसाच्या तसा आला, आणि मावळ्याला अरबी धातू ठाऊक नव्हते. मावळ्याला नव्हते, कबूल. पण पारसनीस कोण होता? दरबारात फारसी पत्रं लिहिणारी, वाचणारी आणि समजून उत्तरं धाडणारी माणसं होती. हुद्दे लिहिणारा हात आणि तलवार धरणारा हात एकच असतो, ही समजूत आधी सोडायला हवी. आणि आदिलशाहीतही हवालदार सुलतानाच्या नेमणुकीचाच होता, तेव्हा त्या आक्षेपाने माझं म्हणणं आणखीच पक्कं होतं.

इंग्लंडकडे येतो. तिथे किल्लेदाराच्या जागी जो माणूस होता, त्याला काय म्हणत? कॉन्स्टेबल! लंडनच्या टॉवरचा कॉन्स्टेबल हे पद नॉर्मन काळापासून आजतागायत आहे, डोव्हरच्या कॅसललाही कॉन्स्टेबल होता. राजाचा किंवा बड्या उमरावाचा कॅसल त्याच्या वतीने राखणारा तो कॉन्स्टेबल. शब्दाचं मूळ लॅटिन 'कोमेस स्ताबुली', म्हणजे तबेल्याचा मुख्य. पागेवरचा माणूस चढत चढत गडावर गेला, आणि उतरत उतरत चौकीवर आला. आमचा हवालदारही गडाच्या किल्ल्या कमरेला लावून होता, तो आज कुठे आहे? पोलीस ठाण्यात! महाराष्ट्र पोलिसांत हेड कॉन्स्टेबलला मराठीत म्हणतात पोलीस हवालदार. हजारो मैलांवरचे दोन गडराखे, एक तबेल्यातून निघालेला, दुसरा सोपवणुकीतून, आणि दोघं एकाच पाटीवर शेजारी शेजारी. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी एका ठाण्याबाहेर ती पाटी कितीतरी वेळ बघत उभा होतो. सभासद म्हणतो गडावर दहा माणसांत नऊ पाईक आणि दहावा नाईक. तो नाईकही पोलिसांत आणि फौजेत हुद्दा म्हणून आला.

तेव्हा ताई, तुमच्या पुस्तकात कॅसलचा कॉन्स्टेबल आला, की त्याला बेधडक किल्लेदार म्हणा. लॉर्डला म्हणू नका.

'सरंजामदार' म्हणा, असं सुचवणारे पुष्कळ भेटतील. एका अभ्यासकांनी तर शिवकालीन गडांना सरसकट 'सरंजामी किल्ले' म्हटलेलं मी वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. सरंजाम म्हणजे सामानसुमान, सिद्धता. आपण अजून 'पूजेचा सरंजाम' म्हणतो. फौज बाळगायला लागणाऱ्या खर्चासाठी लावून दिलेला मुलूख, तो सरंजाम. शिवाजी महाराजांचा कल नेमका याच्या उलट, रोख वेतनाकडे होता. वतनदारांनी गावोगावी उभारलेले वाडे, हुडे आणि कोट त्यांनी पाडायला लावले, आणि साधी घरं बांधून राहा म्हणून सांगितलं, ही नोंद सभासदाचीच. ज्या राजाने खाजगी कोट पाडले, त्याच्या गडांना सरंजामी म्हणायचं? महाराजांच्या काळी तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात, म्हणजे राज्यकारभारातल्या शब्दांच्या कोशात, सामंतवर्ग वेगळा आहे आणि दुर्गवर्ग वेगळा. त्या काळच्या माणसांना हा फरक कळत होता. वाचायची तसदी आजच्यांनी घ्यायला हवी.

अपवाद आहेत, ते लपवत नाही. जावळीचे मोरे आदिलशाहीचे मांडलिक, 'चंद्रराव' हा त्यांचा पिढीजात किताब, आणि १६५६ साली महाराजांनी त्यांच्याकडून घेतलेली रायरी हाच पुढचा रायगड. लॉर्ड म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावायचं असेल तर चंद्रराव मोरे डोळ्यांपुढे आणावेत. पुढे शाहू महाराजांच्या काळात चित्रच पालटलं. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले तेव्हा किनाऱ्यावरचे जलदुर्ग घराण्याच्या ताब्यात होते. त्यांचे धाकटे पुत्र तुळाजी विजयदुर्गावर १७५६पर्यंत स्वतःच्या हिमतीवर टिकले. तिथे सरंजामी म्हणा, माझी हरकत नाही.

मग कॅसलला काय म्हणावं? यासाठी शब्द मराठवाड्यात, खानदेशात, वऱ्हाडात गावोगाव उभा आहे: गढी. देशमुखांची गढी, पाटलांची गढी. उंच पांढऱ्या मातीच्या भिंती, बुरूज, एकच दरवाजा, आत धन्याचं घर आणि धान्याची पेवं, खाली त्याचं गाव. राहायचं घर आणि लढायची जागा एकच. इंग्लंडातला नॉर्मन कॅसलही तसाच. आणि शब्दाची घडण पाहाल तर थक्क व्हाल. लॅटिन 'कास्त्रुम' म्हणजे तटबंदीची छावणी, तिचं लहानगं रूप 'कास्तेल्लुम', त्यावरून कॅसल. आपल्याकडे 'गढ', आणि त्याचं लहानगं रूप 'गढी'. एकाच सवयीने दोन भाषांनी एकाच वस्तूला नाव ठेवलं. अनुवादात पहिल्या उल्लेखाला 'कॅसल' ठेवा, पुढे 'गढी' लिहा. वाचकाच्या नजरेपुढे नेमकं चित्र उभं राहील. 'राजवाडा' मात्र कृपा करून नको.

हाताखालच्या माणसांचं थोडक्यात. 'शिबंदी' पगारी, गरजेपुरती ठेवलेली. शब्दातला 'शि' हा फारसी 'सेह', म्हणजे तीन, दर तिमाहीच्या पगारावरून आला असं सांगतात. लॉर्डच्या घरात जेवणारी, त्याच्यासोबत दौडणारी माणसं म्हणजे 'पदरची माणसं'. यापेक्षा चांगला शब्द सापडणार नाही. जमिनीच्या बदल्यात ठरावीक दिवस कॅसलवर पहारा द्यायचा जो रिवाज डोव्हरसारख्या ठिकाणी होता, त्यासाठी आपल्याकडे 'गडकरी' आहे. गडकरी म्हणजे गड बांधणारा असं सांगणाऱ्यांनी शेतकरी शेत बांधतो का, याचं उत्तर द्यावं. गडाच्या चाकरीत पिढ्यान्‌पिढ्या असलेला, त्यापोटी जमीन कसणारा, तो गडकरी. हवालदार बदलत राहिले, गडकरी मात्र तिथेच राहिले. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात गडांवरची ही चाकरी मोडायला घेतली, जमिनी मामलेदारांच्या ताब्यात जाऊ लागल्या, तेव्हा सामानगड आणि भुदरगडावरचे गडकरी उठले, आणि त्यांना नमवायला इंग्रजांना फौज धाडावी लागली. गडासाठी शेवटचे लढले ते हे लोक. नकाशावर त्यांच्या गडांची नावं आहेत, त्यांची नाहीत.

लॉर्डचं राहिलंच. जुन्या इंग्रजीत तो 'ह्लाफवेअर्ड', म्हणजे पावाचा राखणदार, आणि त्याच्या पदरचा माणूस 'ह्लाफएटा', पाव खाणारा. आपल्याकडे मीठ खातात, तिकडे पाव. तेव्हा निवेदनात 'गढीचे धनी' लिहा, आणि चाकर त्याला हाक मारील तिथे नुसतं 'धनी'.